मागचा ब्रेक आपोआप आवळला: एका माउंटन बाइकच्या हायड्रॉलिक ब्रेकचं प्रकरण

पार्श्वभूमी

सायकल आमच्या सोसायटीतल्या एका मुलाची. वय २४, वजन ८० किलो, पहिल्या पगारातून घेतलेली २९ इंची चाकांची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक. तिचं वजन १४ किलो. पुढे-मागे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, खनिज तेलावर चालणारे. तीन वर्षं तो ती नेमाने चालवतो आहे: आठवड्यातून दोनदा पुण्यातली वेताळ टेकडी आणि बहुतेक रविवारी सिंहगड. मी पार्किंगच्या एका कोपऱ्यात स्टँड लावून लोकांच्या सायकली दुरुस्त करतो. हा माझा धंदा नाही, आवड आहे. पण ब्रेकच्या बाबतीत आवड म्हणून सूट मिळत नाही, आणि या प्रकरणात एक चूक माझीही आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी सिंहगडाचा हिशोब सांगतो, कारण पुढचं सगळं उष्णतेभोवती फिरतं. गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंतचा घाट आठ-नऊ किलोमीटरचा, चढ साधारण सहाशे मीटरचा. सायकल आणि स्वार मिळून ९४ किलो वजन सहाशे मीटर खाली आणायचं, म्हणजे साडेपाचशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवायची. एवढ्या ऊर्जेत पावणेदोन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जातं. यातला काही वाटा वाऱ्याच्या विरोधात आणि टायरमध्ये खर्च होतो. पण रविवारी घाटात गाड्यांची रांग असते आणि वेग धरता येत नाही, त्यामुळे बराच मोठा वाटा दोन पातळ डिस्कवर येतो. ब्रेक धड असेल तर हे सगळं निभतं.

अडचण कशी सुरू झाली

जुलैच्या मध्यावर तो सायकल घेऊन आला. "काका, मागचा ब्रेक घासतोय. पॅडल मारताना जड लागतं."

स्टँडवर चाक फिरवलं तर दोन फेऱ्यांत थांबत होतं. पावसाळ्यात टेकडीवरचा चिखल कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्यात बसतो आणि तेलाच्या दाबाने पॅड डिस्कवर दाबणारे त्यातले पिस्टन अडखळतात, हे दरवर्षी पाहिलेलं. मी तोच निष्कर्ष काढला. चाक उतरवलं, पॅड काढले, पिस्टन थोडे बाहेर घेऊन कडा पुसल्या, खनिज तेलाचा बारीक थेंब लावला आणि टायर उतरवायच्या प्लॅस्टिकच्या लिव्हरने ते आत ढकलले. (स्क्रू-ड्रायव्हर इथे वापरू नये. पिस्टनची कड फुटते.) मग कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल केले, ब्रेक दाबून धरला, बोल्ट आवळले. डिस्क एका जागी थोडी वाकडी होती, ती सरळ केली. चाक छान फिरायला लागलं. तो खूश, मीही.

या अर्ध्या तासात तीन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि तिन्ही मी बाजूला सारल्या.

पहिली: पिस्टन आत ढकलताना ते विलक्षण जड आणि सावकाश जात होते. नुसता चिखल असता तर एखादा अडला असता. इथे दोन्ही सारखेच जड होते, म्हणजे तेलालाच वर परत जायला वाट मिळत नव्हती.

दुसरी: ब्रेक सोडल्यावर हँडलवरचा ब्रेकचा लिव्हर झटकन न येता आळस दिल्यासारखा परत येत होता.

तिसरी: कॅलिपरजवळच्या फ्रेमच्या नळीवर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत रंग फुगून सुटला होता. मला ते दगड लागल्याचं वाटलं. दगडाने टवका उडतो, रंग फुगत नाही. एवढा विचार तेव्हा करायला हवा होता.

आणि एक प्रश्न मी विचारलाच नाही: याआधी या ब्रेकला कुणी हात लावला होता का?

घाटातला प्रसंग

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला फोन आला. "काका, मागचं चाक फिरतच नाहीये."

तो गडावरून उतरत होता. पाऊस थांबला होता, रस्ता ओला होता. पुढचं चाक घसरेल या भीतीने तो मागचा ब्रेक सतत थोडा थोडा दाबून उतरत होता. तिसऱ्या किलोमीटरच्या आसपास लिव्हरचा प्रवास कमी कमी होत गेला. आधी अर्ध्यात लागणारा ब्रेक नुसतं बोट टेकवलं की लागू लागला. मग बोट काढलं तरी तो सुटेना. एका वळणाआधी मागचं चाक जाम झालं आणि सायकल आडवी घसरली. वेग कमी होता म्हणून खरचटण्यावर निभावलं.

हे लक्षण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण घाटात ब्रेक "गेला" म्हणजे लिव्हर हँडलला टेकला, असंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. तेल उकळलं किंवा आत हवा असली तर तसं होतं. वाफ आणि हवा दाबल्या जातात, तेल दाबलं जात नाही. इथे नेमकं उलट झालं होतं. लिव्हर घट्ट होत गेला आणि ब्रेक स्वतःहून आवळला.

पहिला निर्णय: रस्त्यावर काय करायचं

सोबतचा मित्र म्हणत होता की बाटलीतलं पाणी डिस्कवर ओतू. मी फोनवरच नको म्हटलं. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडलं की ती वाकू शकते. शिवाय वाफेने हात भाजेल. दुसरा पर्याय होता कॅलिपरचं निपल, म्हणजे तेल आणि हवा बाहेर काढायचं तोंड, किंचित सैल करून आतला दाब सोडायचा. त्यांच्याकडे सात मिलिमीटरचा पाना नव्हता. असता तरी सांगितलं असतं का, याबद्दल माझं मन तेव्हाही डळमळत होतं. दाब सुटला की चाक सुटेल, पण मागचा ब्रेक भरवशाचा राहणार नाही आणि पुढे सहा किलोमीटर उतार आहे.

तिसरा पर्याय थांबण्याचा. अर्ध्या तासाने डिस्क गार झाली आणि चाक आपोआप मोकळं झालं. तेव्हा तो म्हणाला, "आता ठीक आहे, हळूहळू येतो." या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा क्षण मला हाच वाटतो. गार झाल्यावर सुटलेला ब्रेक दुरुस्त झालेला नसतो. तापला की तो पुन्हा आवळणार, आणि या वेळी मागून गाडी असू शकते. मी त्याला खाली येणाऱ्या टेम्पोत सायकल टाकायला सांगितलं. कुरकुरला, पण ऐकलं.

तपासणी

संध्याकाळी सायकल स्टँडवर घेतली. गार अवस्थेत चाक जड पण फिरत होतं. लिव्हर पंधरा वेळा भराभर दाबला, तसं ते जाम झालं. आता प्रश्न असा होता की दोष खाली कॅलिपरमध्ये आहे की वर लिव्हरमध्ये.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. चाक जाम असताना निपलवर नळी लावायची, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडायचं आणि निपल पाव फेरी उघडायचं. तेलाची चिळकांडी येऊन चाक सुटलं तर दाब आत कोंडलेला आहे, म्हणजे तेलाला वर परत जायची वाट बंद आहे. काहीच न येता चाक जामच राहिलं तर पिस्टन जागेवर अडकले आहेत. इथे चिळकांडी आली आणि चाक लगेच मोकळं झालं. दोष वरचा होता.

लिव्हरच्या आत एक छोटा पिस्टन आणि त्यावर रबरी सील असतं. ब्रेक सोडल्यावर हा पिस्टन पूर्ण मागे येतो तेव्हा तेलाच्या टाकीकडे जाणारं एक बारीक छिद्र उघडं पडतं. उतारावर तेल तापून प्रसरण पावतं, ते वाढलेलं तेल याच वाटेने टाकीत जातं. पॅड झिजले की जास्तीचं तेल याच वाटेने खाली येतं. सील फुगलं आणि पिस्टन दोन मिलिमीटर जरी अलीकडे थांबला, तरी छिद्र झाकलेलंच राहतं. मग तापलेल्या तेलाला जागा नाही, ते कॅलिपरमधले पिस्टन बाहेर ढकलतं, पॅड घासतात, आणखी उष्णता, आणखी प्रसरण. घाटात घडलं ते हेच.

सील का फुगलं, याचं उत्तर बाटलीत होतं. या ब्रेकचं तेल लालसर असतं. बाटलीत आलेलं पिवळट, गढूळ होतं आणि त्याला वेगळाच उग्र वास होता. एका काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात ते थोडं टाकलं. खनिज तेल पाण्यावर तरंगतं, स्कूटर-मोटारींत असतं ते डॉट प्रकारचं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. ग्लासात वर लालसर तवंग आला आणि खालचं पाणी पिवळट झालं. दोन्ही होती.

आता तो प्रश्न विचारला, एक महिना उशिरा. "यात कुणी तेल घातलं होतं का रे?"

"हो ना काका, जूनमध्ये. लिव्हर मऊ लागत होता म्हणून नाक्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी वरून तेल भरलं, खालून हवा काढली. एकदम कडक झाला होता ब्रेक. तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हटलं तेलाचा आणि घासण्याचा काय संबंध."

गॅरेज स्कूटर-मोटरसायकलचं. तिथल्या मेस्त्रींचा हात चांगला आहे, हवाही त्यांनी नीट काढली असणार, नाहीतर ब्रेक कडक झालाच नसता. त्यांच्या रोजच्या कामात ब्रेक ऑइल म्हणजे डॉट ३ नाहीतर डॉट ४, तिसरं काही नसतं. तेच त्यांनी घातलं. डॉट ऑइल रंगही खातं, म्हणून फ्रेमवरचा तो फुगलेला डाग. सांडलेला थेंब पुसला गेला, पाण्याने धुतला गेला नाही.

तेलाबद्दल थोडं

कोणतं तेल चांगलं हा इथे मुद्दा नाही, सील कशासाठी बनवलं आहे हा मुद्दा आहे. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये साधारणपणे नायट्राइल रबर असतं, डॉटच्या ब्रेकमध्ये ईपीडीएम नावाचं दुसरं रबर. एकाच्या सीलला दुसऱ्याचं तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं, आणि हे एका दिवसात होत नाही. म्हणूनच माणूस फसतो. जूनमध्ये ब्रेक उत्तम, जुलैत जड, ऑगस्टमध्ये जाम.

डॉट ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरडं असताना डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. खनिज तेल पाणी शोषत नाही, पण म्हणून पाणी आत शिरलं तर निर्धास्त राहायचं कारण नाही. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी, म्हणजे नेमकं कॅलिपरमध्ये जाऊन बसतं, आणि १०० अंशांना उकळतं.

कंपनीचं नाव पाहून तेल ठरवण्याची सवयही आता धोक्याची झाली आहे. शिमानो, मगुरा, टेक्ट्रो खनिज तेलावर आणि स्रॅम डॉटवर, असं आम्ही वर्षानुवर्षं पाठ केलं होतं. पण स्रॅमचेच डीबी८ आणि २०२४ साली आलेले मेव्हन हे ब्रेक खनिज तेलावर चालतात. लिव्हरच्या झाकणावर काय छापलं आहे ते वाचायचं, एवढाच खात्रीचा मार्ग. या सायकलच्या झाकणावरही छापलं होतं, चिखलाखाली.

समोरचे पर्याय

मुलाचे वडील खाली आले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: "अहो, चुकीचं तेल काढून बरोबर तेल भरा की. धुऊन भागणार नाही का?" खर्चाचा विचार करता प्रश्न रास्त होता. तेल आणि एक संध्याकाळ, बस. पण तेल धुतलं जातं, फुगलेलं रबर पूर्ववत होईल याची खात्री देता येत नाही. आणि धुतल्यावर ब्रेक पार्किंगमध्ये उत्तम चालला असता, ही त्यातली खरी अडचण. पार्किंगमध्ये तो तापत नाही. त्याची परीक्षा पुन्हा घाटातच झाली असती.

दुसरा पर्याय सीलं बदलायचा. काही कंपन्या सीलचे सुटे संच देतात. या ब्रेकसाठी ते मिळत नव्हते. दुसऱ्या कुठल्या मापाचं सील शोधून बसवण्याचा प्रयोग मी ब्रेकवर करणार नाही.

तिसरा, मागे तारेवर चालणारा डिस्क ब्रेक लावायचा. मुलाला तो कमीपणा वाटला, मला मुळीच वाटत नाही. लांबच्या प्रवासाला जाणारे कितीतरी लोक तोच पसंत करतात, कारण तार कुठल्याही गावात मिळते. पण तो दर आठवड्याला घाट उतरतो, आणि झिजणाऱ्या पॅडबरोबर हाताने अंतर जुळवत राहण्याचा त्याचा स्वभाव नाही. स्वभाव हाही एक सुटा भागच, तो जमेत धरावा लागतो.

चौथा, मागचा ब्रेक लिव्हर, पाइप आणि कॅलिपरसकट नवा. त्याच मालिकेतला, तेल भरून येणारा, साधारण अडीच हजारांना मिळत होता. पॅडचे पाचशे वेगळे. मी हाच सुचवला. वडिलांनी एकदाच विचारलं, "तुमच्या मुलाची सायकल असती तर?" मी म्हटलं, "हेच केलं असतं." मग चर्चा संपली.

प्रत्यक्ष काम

नवं काही बसवण्याआधी पुढचा ब्रेक तपासला. गॅरेजमध्ये फक्त मागचाच दिला होता असं तो सांगत होता, पण आता सांगण्यावर सोडायचं नव्हतं. पुढच्या निपलमधून दोन थेंब काढून ग्लासातल्या पाण्यात टाकले. लाल तवंग, खाली पाणी नितळ. पुढचा ब्रेक वाचला होता.

मागची डिस्क तापून निळसर झाली होती. जाडी १.७ मिलिमीटर भरली, तिच्यावर छापलेली किमान मर्यादा १.५. सरळ करता आली, म्हणून ठेवली. बारीक सॅंडपेपर मारून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते आणि त्यांवर तेल उडाल्याची शक्यता होती. ते टाकून दिले. तेल प्यायलेले पॅड गॅसवर भाजून पुन्हा वापरणारे लोक आहेत. दोनशे मीटर बरे चालतात आणि मग पुन्हा किंचाळायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

नवा पाइप लांब होता. कापायचा म्हटलं की जोडणीचं पितळी कडं आणि आतली टोपी नवी लागते, आणि थोडं तेल जाऊन हवा शिरते. तसाच ठेवला असता तर हँडलपुढे मोठा फास राहिला असता, टेकडीवरच्या झुडपांत अडकणारा. कापला, आणि मग हवा काढणं आलंच.

हे काम घाईचं नाही. चाक आणि पॅड काढून पिस्टनच्या मध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा घातला. लिव्हर आडवा करून वर तेलाचा पेला बसवला. खालून निपलला सिरिंज लावून तेल वर ढकललं, कारण हवेला वरच जायचं असतं, तिला त्याच दिशेने मदत करायची. पेल्यात बुडबुडे येईनासे झाल्यावर उलट केलं: वरून तेल वाहू द्यायचं, पाइपवर आणि कॅलिपरवर पान्याच्या मुठीने टकटक करायची. कोपऱ्यात चिकटलेले बुडबुडे त्याने सुटतात. शेवटी लिव्हर दाबून धरून निपल अर्ध्या सेकंदासाठी उघडायचं आणि लगेच बंद करायचं, असं तीनदा. मग लिव्हर थोडा वर, थोडा खाली कलवून हळूहळू दाबला. कलवल्यावर आणखी चार बुडबुडे आले. ही पायरी लोक गाळतात आणि मग आठवड्याने ब्रेक पुन्हा मऊ झाला म्हणतात.

काढलेलं मिश्र तेल मोरीत ओतलं नाही. बाटलीत बंद करून गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपात टाकायला दिलं. त्या निमित्ताने मेस्त्रींशी बोलणंही झालं. ग्लासातला प्रयोग त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. "साहेब, सायकलचं ऑइल वेगळं असतं हे आम्हाला कुणी सांगायचं?" म्हणाले. प्रश्न खरा आहे. महाग सायकली नाक्यावर येऊ लागल्या, त्यांची माहिती मागून आलीच नाही.

नवे पॅड जुन्या डिस्कवर बसवल्यावर सोसायटीच्या रस्त्यावर वीस वेळा वेग घेऊन, चाक जाम न करता, चालण्याच्या वेगापर्यंत आणायला लावलं. पहिल्या पाच वेळा ब्रेक लागतच नव्हता म्हणून तो घाबरला. दहाव्यानंतर पकड आली.

परिणाम

सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत तो नऊ वेळा सिंहगड उतरला आहे. पहिल्या उताराला मी स्कूटरवर मागे होतो. दर दोन किलोमीटरला थांबवून मागचं चाक उचलून फिरवून पाहिलं. प्रत्येक वेळी मोकळं होतं. उतरण्याची पद्धतही बदलली: सतत दाबून न ठेवता वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने आणि थोडा वेळ, मग पूर्ण सोडायचे. डिस्कला मधल्या काळात वारा मिळतो.

जुना लिव्हर मी नंतर खोलून पाहिला. सीलची कड फुगून आतल्या बाजूला वळली होती, नखाने दाबली तर खूण उमटत होती. धुऊन भागलं नसतं.

काय वेगळं करता आलं असतं

जुलैमध्ये पिस्टन जड गेले तेव्हाच निपल उघडून दोन थेंब पाहायला हवे होते. पाच मिनिटांचं काम होतं, आणि ऑगस्टचा प्रसंग टळला असता. सीलं तेव्हाही गेलीच असती, म्हणजे खर्च वाचला नसता, मुलाचं पडणं वाचलं असतं. मी चिखलाचा निष्कर्ष स्टँडवर चढवण्याआधीच काढला होता, आणि मग जे दिसलं ते त्यात बसवत गेलो. आता माझ्याकडे ब्रेकची तक्रार आली की पाना उचलण्याआधी विचारतो: शेवटचं तेल कुणी, कधी आणि कोणत्या बाटलीतून घातलं?

त्याच्या दोन्ही लिव्हरवर आता ठळक अक्षरांत "फक्त मिनरल ऑइल" अशी चिकटपट्टी आहे.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. त्याने सीटखालच्या पिशवीत सात मिलिमीटरचा पाना ठेवला आहे. "पुन्हा जाम झालं तर दाब सोडून निदान चाक तरी फिरेल, सायकल ढकलत आणता येईल," असं तो म्हणतो. ढकलत आणण्यापुरतं ते बरोबर आहे. पण घाटात, दमलेला असताना, चाक मोकळं झालं की माणूस सायकलवर बसतोच. तो पाना त्याने काढावा असं मला वाटतं, आणि दर रविवारी निघताना तो मला पिशवी दाखवतो, पाना आतच असतो.